आत्याचा आवाज आणि दोन हजारांचा यूएसबी कॅसेट प्लेयर

ऑनलाइन बाजारात वॉकमनएवढा एक कॅसेट प्लेयर मिळतो. प्रत्येक विक्रेत्याकडे त्याचं नाव वेगळं, खोका वेगळा, आतलं यंत्र मात्र जवळपास एकच. वर कॅसेटचं दार, बाजूला यूएसबीची वायर, सोबत हलके हेडफोन. किंमत दोन हजारांच्या आसपास. कॅसेट घाला, लॅपटॉपला जोडा, एमपीथ्री तयार, असं जाहिरात सांगते.

सिनेमाच्या गाण्यांसाठी किंवा अभंगांसाठी आता याची गरज नाही; ती ध्वनिमुद्रणं चांगल्या दर्जात इतरत्र मिळतात. लोक हा प्लेयर घेतात तो कपाटाच्या वरच्या कप्प्यातल्या त्या एका कॅसेटसाठी, जिची दुसरी प्रत कुठेच नाही. म्हणून त्याची परीक्षाही तशाच कॅसेटवर घेतली आहे.

कॅसेट साठ मिनिटांची, ऐंशीच्या दशकाच्या अखेरची, माजघरात टू-इन-वनवर, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेल्या यंत्रावर, भरलेली. मूळची भजनांची. वरच्या कडेची तुटलेली खाच चिकटपट्टीने बुजवून तिच्यावर घरचं रेकॉर्डिंग केलेलं, जसं त्या काळी घरोघर व्हायचं. आवाज आत्याचा. तिला लहानपणापासून दमा, त्यात कणा बाकदार, त्यामुळे छाती आखडलेली आणि श्वास तोकडा. लग्न झालं नाही, भावाच्या घरी राहिली आणि त्या घरातली सगळ्यांत हसरी बाई तीच. कॅसेटवर ती उखाणा विसरलेल्या नवरीची नक्कल करते, दवाखान्यातल्या कंपाउंडरची करते, शेवटी पोरांना घेऊन भोंडल्याची गाणी म्हणते.

तांत्रिकदृष्ट्या महत्त्वाचं असं: ती एका दमात पाच-सहा शब्द बोलते, मग श्वास घेते. विनोदाचा शेवटचा शब्द श्वासानंतर येतो, आणि पोरं त्या मधल्या थांब्यातच हसायला लागतात. तिचं स्वतःचं हसणं आधी मोठ्याने, मग आवाज संपून नुसती घरघर, मग खोकला, मग ‘थांबा रे, थांबा’. मध्येच अस्थालिनचा पंप हलवल्याची खळखळ आणि दाबल्याचा ‘फस्स’. दर्जेदार रेकॉर्डिंगच्या व्याख्येत यातलं निम्मं दोषांत मोडेल. इथे तीच आत्या आहे. प्लेयर, सॉफ्टवेअर आणि दुकानदार या तिघांनाही एकच कसोटी लावली: यातलं काय टिकतं?

आधी प्लेयरचं यंत्र. जुन्या चांगल्या डेकमध्ये, म्हणजे घरगुती मोठ्या टेपयंत्रात, टेप ओढणाऱ्या दांडीला (कॅपस्टनला) जड धातूचं चाक असतं, त्यामुळे टेपचा वेग स्थिर राहतो. या प्लेयरमध्ये चाक हलकं, बेल्ट बारीक, मोटर छोटी. चांगल्या डेकचा वेग एक दशांश टक्क्याच्या आतबाहेर डगमगतो, इथे ते त्याच्या कितीतरी पट. नुसत्या बोलण्यात हे चटकन कळत नाही. लांबवलेल्या सुरात कळतं: भोंडल्याच्या ओळीचा शेवटचा स्वर थरथरतो आणि हार्मोनियम असेल तर कान दुखतात. आत्याच्या हसण्याच्या शेवटी येणारी घरघरही सुरेल असते, शिट्टीसारखी, आणि तीही या प्लेयरवर लटपटते. घरच्यांना ते ‘काहीतरी वेगळंच वाटतंय’ असं जाणवेल, कारण सांगता येणार नाही.

दुसरा दोष यूएसबीचा. वायर जोडली की आवाजाखाली बारीक किणकिण ऐकू येते. ती लॅपटॉपच्या वीजपुरवठ्यातून आणि मोटरमधून शिरते. आत्या बोलत असताना ती झाकली जाते, पण तिच्या थांब्यांमध्ये उघडी पडते, आणि या कॅसेटवर थांबेच थांबे आहेत. उपाय सोपा आहे. यूएसबी वापरूच नका. प्लेयर दोन पेन्सिल सेलवर चालवा, हेडफोनच्या भोकातून साडेतीन मिलिमीटरची वायर काढून ती बाहेरच्या साउंड कार्डच्या लाइन-इनला (बाहेरचा आवाज आत घेणाऱ्या भोकाला) द्या. लॅपटॉपचं स्वतःचं एकुलतं भोक बहुधा मोनो आणि माइकसाठीचं असतं. त्यात हेडफोनचा सिग्नल दिला तर आवाज फाटतो. बेहरिंगरचं यूसीए २०२ हे छोटं कार्ड या कामाला पुरतं. ते १६ बिट, ४८ किलोहर्ट्झपर्यंत जातं, आणि घरच्या कॅसेटची खरखर पाहता त्याहून जास्त बिटांनी फारसा फरक पडत नाही. प्लेयरच्या आवाजाचं चक्र मध्यावर ठेवा. पूर्ण वर नेलं तर प्लेयरच आवाज फाडतो.

पण एवढं केलं की किंमत दुप्पट होते, आणि जाहिरातीतलं ‘जोडा आणि उतरवा’ हे मुख्य वचनच बाजूला पडतं.

तिसरा दोष दुरुस्त होतो, आणि सगळ्यात जास्त फरकही त्यानेच पडतो. हेड, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणारा भाग, टेपला काटकोनात हवं. ते किंचित तिरकं असलं की वरच्या पट्टीतले आवाज विरतात: ‘स’, ‘श’, ‘च’ बोथट होतात आणि श्वासाची सळसळ जवळपास नाहीशी होते. हे काम हेडच्या बाजूचा स्प्रिंगवाला स्क्रू करतो. मूळ टू-इन-वनचं हेड तिरकं असेल तर टेपवरचं रेकॉर्डिंगही तितकंच तिरकं असतं, म्हणून प्रत्येक कॅसेटला हा स्क्रू नव्याने जुळवावा लागतो. कॅसेट चालू ठेवून, हेडफोन लावून, दोन्ही चॅनल मोनोत एकत्र ऐकत स्क्रू हळूहळू फिरवा. पाव फेऱ्याच्या आत कुठेतरी आवाज एकदम उजळतो. तिथे थांबा. या प्लेयरमध्ये दाराच्या आतून स्क्रूपर्यंत बारीक स्क्रूड्रायव्हर पोचतो, ही त्याची जमेची बाजू. स्क्रूड्रायव्हरचं टोक चुंबकीय नको.

इथे एक सापळा आहे. टू-इन-वनचं रेकॉर्डिंग मोनो असतं, प्लेयरचं हेड बहुधा स्टीरिओ. लोक दोन्ही चॅनल मिसळून मोनो करतात. हेड जुळवलेलं नसेल तर दोन चॅनलमधला सूक्ष्म उशीर वरच्या पट्टीतले आवाज एकमेकांत मारून टाकतो आणि मिसळलेला आवाज दोन्हींपेक्षा वाईट होतो. शंका असेल तर मिसळू नका. दोन्ही चॅनल वेगवेगळे ऐका, ज्याचा आवाज कमी खराब आहे तो ठेवा.

प्लेयर कोणताही असो, कॅसेट आधी तपासा. आतल्या धातूच्या पातळ पट्टीवर फेल्टचा छोटा चौकोन असतो, तो टेपला हेडवर दाबतो. तीस-पस्तीस वर्षांत त्याचा गोंद वाळतो आणि तुकडा गळून पडतो. मग आवाज बारीक, दबका, येतो-जातो असा लागतो आणि लोक समजतात की टेप मेली. टेप ठीक असते. पाच स्क्रूंची दुसरी कॅसेट उघडून तिच्या कवचात रीळ बदला. मूळ कवच चिकटवलेलं असेल तर कडेने पातळ पात्याने सावकाश उघडा आणि रीळ हातातून सुटू देऊ नका. कोकणातल्या किंवा समुद्राजवळच्या घरातली कॅसेट असेल तर खिडकीतून रिळाची कड पाहा. पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट कोणत्याही प्लेयरमध्ये घालू नका, हेड माखेल आणि पुढच्या कॅसेटलाही लागेल. बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह काही दिवस कोरडी होऊ द्या, मग नाकाला मास्क लावून घराबाहेर मऊ ब्रशने कड झाडा. उन्हात ठेवू नका, कवच वाकतं. टेप तुटली असेल तर साधी सेलोटेप लावू नये. तिचा गोंद पाझरतो आणि शेजारचे वेढे चिकटतात. टेप जोडायची खास पट्टी मिळते, तीच वापरा, आणि तीही मागच्या बाजूने.

सगळं ठीक असेल तर पूर्ण कॅसेट एकदा पुढे आणि एकदा मागे पळवून घ्या. वेढ्यांचा ताण सारखा होतो, आणि एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटून जो आगाऊ प्रतिध्वनी येतो तोही थोडा उतरतो. हे पळवणं या प्लेयरवर करू नये. त्याची मोटर दमते आणि रीळ सैल गुंडाळते. जुना धड टेपरेकॉर्डर असेल तर त्यावर करा.

हेड आणि कॅपस्टन शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, औषधाच्या दुकानातलं पातळ किंवा सुगंधी स्पिरिट नको. टेप कॅपस्टनवर दाबणाऱ्या रबरी चाकाला मात्र साबणाचं सौम्य पाणी बरं, अल्कोहोलने रबर कालांतराने कडक होतं.

आता वेग. आत्याचा आवाज खरा वाटतो की नाही, हे बहुतेक यावरच ठरतं. टू-इन-वन सेलवर चालत असेल आणि सेल उतरलेले असतील, तर रेकॉर्डिंग मंद वेगाने झालेलं असतं आणि आज ते पळतं. आवाज चिरका, हसणं खारीसारखं. त्यात या प्लेयरचा स्वतःचा वेगही नगागणिक वेगळा असतो. रेकॉर्डिंग विजेवर झालं असेल तर त्यात ५० हर्ट्झची गुणगुण भरलेली असते, आणि तीच मोजपट्टी होते. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आत्या बोलत नसलेला लांबसा तुकडा निवडून स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या वारंवारतेचा आवाज किती याचा आलेख, काढा, आकार ६५५३६ ठेवा. ५० ऐवजी ५२ वर टोक दिसलं, तर वेग ३.८ टक्के कमी करा. कॅसेट उतरवताना लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा, नाहीतर आजच्या विजेचं ५० चं टोक शेजारी उभं राहतं आणि गोंधळ होतो. १०० हर्ट्झच्या आसपासचं टोकही तपासा, ते बहुधा जास्त ठळक असतं.

यालाही मर्यादा आहे. त्या काळी आपल्याकडे ग्रिडची वारंवारता ५० वर ठाम नसायची, मागणीच्या वेळी ४९ च्याही खाली जायची. म्हणून या मापात दोन-तीन टक्क्यांची चूक राहू शकते. दुसरा पुरावा शोधा. पार्श्वभूमीला रेडिओ चालू असेल आणि आकाशवाणीची सकाळची धून किंवा ओळखीचं गाणं ऐकू येत असेल तर आजच्या प्रतीशी सूर जुळवा. तेही नसेल तर आत्याला रोज ऐकलेल्या दोघा-तिघांना वेगवेगळं बसवून तीन वेगांचे नमुने ऐकवा. कोणता नमुना कोणता, हे त्यांना सांगू नका. भावंडांचे कान या बाबतीत फार पक्के असतात.

पातळी लावताना आधी सगळ्यात मोठं हसू शोधा, सुरुवातीच्या बोलण्यावर लावू नका. तिथे टोक उणे ६ डेसिबलपर्यंत राहील असं ठेवा आणि मग सलग अर्धा तास उतरवा. मध्ये थांबून तुकडे करू नका. फाइल डब्ल्यूएव्ही, म्हणजे आवाज न दाबता साठवणारी, हवी. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टीरिओ घेतलं तर मिनिटाला सुमारे १० एमबी, म्हणजे अख्खी कॅसेट सहाशे-साडेसहाशे एमबीत बसते. प्लेयरसोबत येणारं सॉफ्टवेअर थेट एमपीथ्री करतं आणि शांतता आली की आपोआप नवा ट्रॅक सुरू करतं. गाण्यांच्या कॅसेटला ते सोयीचं. आत्याच्या कॅसेटवर त्याने विनोद मधोमध तोडले: शेवटचा शब्द पुढच्या फाइलमध्ये गेला आणि मधला श्वास गायब. ही सोय सर्वांत आधी बंद करावी, किंवा ते सॉफ्टवेअर टाकूच नये. ऑडॅसिटी फुकट आहे.

सफाईचा मोह सर्वांत जास्त नुकसान करतो. नॉइज रिडक्शन हे तंत्र आधी ‘नको असलेल्या’ आवाजाचा नमुना मागतं. बहुतेक जण बोलण्यातला मोकळा तुकडा दाखवतात. दमेकऱ्याच्या रेकॉर्डिंगमध्ये मोकळा तुकडा म्हणजे श्वास. तो नमुना दिला की सॉफ्टवेअर घरघरीच्या पट्ट्या शोधून काढतं आणि तिच्या बोलण्यातूनही त्याच पट्ट्या कापतं. उरतो तो गिळगिळीत, धातूसारखा वाजणारा आवाज, ज्यात धाप नाही आणि म्हणून आत्याही नाही. नमुना घ्यायचा असेल तर रेकॉर्डचं बटण दाबल्यानंतरचा आणि कोणी काही बोलण्याआधीचा सेकंद-दीड सेकंद घ्या, आणि त्यातही श्वास नाही ना हे हेडफोनवर ऐका. कपात ५-६ डेसिबलपेक्षा जास्त नको. तसा तुकडा मिळत नसेल तर हे तंत्र सोडून द्या. खरखर राहू द्या, कान दोन मिनिटांत तिला विसरतो.

‘क्लिक रिमूव्हल’ पंपाची खळखळ खातं. ‘ट्रंकेट सायलेन्स’ थांबे खातं, आणि मग पोरं विनोदाआधीच हसल्यासारखी वाटतात. दोन्ही वापरू नका. निर्धोक म्हणावा असा एकच फिल्टर: ८० हर्ट्झखालचं कापणारा हाय-पास, तोही वेगाचं माप घेऊन झाल्यावर, कारण ५० ची गुणगुण त्यात जाते.

एक दोष मात्र जरूर दुरुस्त करावा. टू-इन-वनमध्ये आवाजाची पातळी आपोआप ठरते. कोणी मोठ्याने हसलं की यंत्र झटकन माइक दाबतं आणि पुढचे काही सेकंद हळूहळू परत उघडतं. म्हणून हसण्यानंतरचं ‘थांबा रे’ फार बारीक लागतं आणि मागून खरखर चढत येते. ऑडॅसिटीतल्या एन्व्हलप साधनाने तेवढेच शब्द हाताने ४ ते ६ डेसिबल उचला. कॉम्प्रेसर लावू नका, तो खरखरही उचलतो. वेळखाऊ काम आहे, पण त्या कॅसेटवरचे बरेचसे गोड शब्द मोठ्या हशानंतरच आलेले आहेत.

पर्याय काय? जुना पण धड डेक मिळाला तर फरक आकाशपाताळाचा आहे. पुण्यातला जुना बाजार, मुंबईतला चोरबाजार, किंवा नातेवाइकाच्या माळ्यावरचा. घेताना कॅसेट लावून पाहा. नुसता दिवा लागतो आणि चाकं फिरत नाहीत, तर बेल्ट डांबर झालेला असण्याची शक्यता मोठी, आणि ते दुरुस्त होतं. जुना चिकटा अल्कोहोलने पुसून, चाकांभोवती दोरा गुंडाळून लांबी मोजा, त्याहून पाचेक टक्के लहान बेल्ट घ्या. हेडवर खोल खाच पडलेली असेल तर मात्र डेक घेऊ नका.

दुकानात द्यायचं असेल तर कॅसेट ठेवण्याआधी तीन गोष्टी विचारा. हेडचा कोन प्रत्येक कॅसेटला जुळवता का? सफाई न केलेली डब्ल्यूएव्ही फाइल देता का? उतरवताना कोणी ऐकत बसतं का? ‘आवाज एकदम क्लीन करून देतो’ एवढंच उत्तर मिळालं तर कॅसेट परत पिशवीत घाला. आणि एकमेव कॅसेट कुरियरने पाठवू नका, स्वतः नेऊन द्या.

मग हा दोन हजारांचा प्लेयर घ्यावा का? कपाटात वीस-तीस बिनानावाच्या कॅसेट असतील आणि कशात काय आहे तेच माहीत नसेल, तर घ्या. प्रत्येकीची दहा-दहा मिनिटं ऐकून, वेगळ्या काढून, चिठ्ठ्या लावायला तो छान आहे, सेलवर चालतो आणि आजारी वडीलधाऱ्यांच्या पलंगाशेजारी नेता येतो. या कामाला पाचपैकी चार. शेवटची, जपून ठेवायची प्रत काढायला पाचपैकी दीड. हेड जुळवून आणि साउंड कार्ड जोडून अडीच. घेतल्यावर परतीची मुदत संपायच्या आत कमी मोलाची, ओळखीच्या गाण्याची कॅसेट लावून वेग आणि थरथर तपासा. आत्याची कॅसेट पहिल्याच दिवशी त्यात घालू नका. नवा नगही टेप गुंतवतो, विशेषतः नव्वद मिनिटांची, कारण तिची टेप साठवाल्यापेक्षा बरीच पातळ असते. गुंतलीच तर ओढू नका. दार उघडून रबरी चाक मागे सरकवा, वेढा सोडवा आणि पेन्सिल घालून रीळ ताणात आणा.

फाइल तयार झाली की तीन प्रती ठेवा, त्यांतली एक दुसऱ्या घरात. मूळ डब्ल्यूएव्हीला हात लावू नका, कापाकापी प्रतीवर करा. नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ज्यांना फोन झेपत नाही त्यांच्यासाठी १२८ केबीपीएसची एमपीथ्री पेनड्राइव्हवर घाला. कारवाँसारख्या रेडिओत ती सरळ वाजते. फाइलच्या नावात आत्याचं नाव, अंदाजे साल आणि बाजू अ की ब ते लिहा. मागे हसणारी पोरं कोण, हे आज सांगू शकणारं माणूस घरात असेल तर त्यांना फाइल ऐकवून मिनिटासकट नावं टिपून घ्या: कोण कुठे हसलं, ‘तू गप’ कोणाला म्हटलं, ज्याची नक्कल केली तो कंपाउंडर कोणत्या दवाखान्यातला.

आणि मूळ कॅसेट टाकू नका. पूर्ण एका बाजूला गुंडाळून, खाचेवरची चिकटपट्टी काढून, डबीत उभी ठेवा, स्पीकरपासून आणि भिंतीच्या ओलीपासून दूर. उद्या चांगला डेक हाती आला तर तीच पुन्हा उतरवता येईल.